तीन परिच्छेद

'कॉपी' हा शब्द मराठीत नांदतो तो बहुतेक करून आरोपी म्हणून. परीक्षेच्या दिवसांत आम्ही पर्यवेक्षक म्हणून बाकांमधून फिरतो तेव्हा बाहीत, मोज्यात, कंपासपेटीच्या झाकणात सापडते ती 'कॉपी'. आणि शिक्षणखाते अभियान राबवते ते 'कॉपीमुक्त'. तलाठ्याकडे सातबाऱ्याची मागायची ती मात्र 'नक्कल', आणि तिच्यासाठी रीतसर पैसे भरून पावती घ्यायची असते. पोथी उतरवून काढणारा करतो ती 'प्रत', आणि ते तर पुण्यकर्म. एकाच क्रियेची ही तीन नावे. तिघांची अब्रू मात्र वेगवेगळी. संगणकाने या तिघांना एका दावणीला बांधले. उंदराच्या पाठीवर बोट टेकवून मजकुरावरून ओढत न्यावे, तो निळा पडावा, आणि दुसऱ्या खिडकीत जाऊन तो सोडून द्यावा. चोर, तलाठी आणि पोथीलेखक तिघेही आता हेच करतात.

आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम.ए.ला दोघेही एकाच सरांचे विद्यार्थी होतो. पुढे त्यांच्याच विभागात लागलो. या लेखातला 'आम्ही' हा संपादकीय थाटाचा नव्हे, खरोखरीचा अनेकवचनी आहे. जे सांगायचे आहे त्यात दोघांचा वाटा सारखा असल्यामुळे एकट्याने सांगणे अप्रामाणिक झाले असते. अठरा वर्षे आम्ही ते सांगितले नाही, हेही दोघांनी मिळूनच.

गोष्ट 2006 सालची. सर निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. मधुमेहाने डोळे जवळजवळ नेले होते. वाचता येत नव्हते, लिहिता तर नव्हतेच. हस्तलिखितांच्या परंपरेवर आणि पाठचिकित्सेवर त्यांना पाच व्याख्याने लिहून काढायची होती. आयुष्यभर बाडे हाताळलेला माणूस. पण पुस्तक लिहायचे राहून गेले होते, जसे चांगल्या शिक्षकांचे पुष्कळदा राहते. मग ठरले की सरांनी सांगावे आणि आम्ही विभागातल्या संगणकावर टंकावे. काकू त्यांना हाताला धरून संध्याकाळी विभागात घेऊन येत. सर खुर्चीत बसत, काकू मागच्या बाकावर कापूस घेऊन वाती वळत बसत. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी असे, कधी नसे. नसली की यूपीएस केविलवाणा ओरडू लागे आणि आमची धांदल उडे.

विभागातला संगणक जुना होता. संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकमित्राने त्यावर लिनक्स बसवून दिले होते. फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावर चालते, एवढेच त्यामागचे तत्त्वज्ञान. इनस्क्रिप्टच्या कळपाटावर आम्ही युनिकोडात मराठी लिहू लागलो. (आधीच्या फाँटांत वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकावी लागे, इथे ती उच्चाराप्रमाणे नंतर टंकायची आणि यंत्राने ती आपण होऊन पुढे नेऊन बसवायची. शुद्धलेखन शिकवणाऱ्यांना याचा जो आनंद झाला, तो इतरांना सांगून कळण्यासारखा नाही.)

त्याच मित्राने आम्हांला एक गंमत शिकवली. डाव्या बटनाने मजकुरावरून ओढत जायचे आणि थांबायचे. 'कॉपी' म्हणून काही सांगायचे नाही, कळ दाबायची नाही, यादी उघडायची नाही. दुसऱ्या खिडकीत जाऊन उंदराचे मधले बटन, म्हणजे ते चाक, दाबले की मजकूर हजर. "नुसतं निवडलं की झालं," तो म्हणाला. हे वाक्य आम्ही शब्दशः घेतले.

या साध्या कृतीमागे काय आहे याचा शोध आम्ही पुष्कळ उशिरा घेतला; आधी घेतला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. 'कापा आणि चिकटवा' ही कल्पना संगणकावर आजच्या रूपात आणली ती लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी, 1974-75 च्या सुमारास, कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. टेस्लर 2020 साली वारले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'कॉपी-पेस्ट'चा जनक गेला म्हणून मथळे दिले. आम्हांला भावला तो मात्र या कामाचा उगम. त्यांचे 'जिप्सी' हे लेखनसाधन मुळात जिन् आणि कंपनी या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांसाठी होते. टेस्लरने स्वतः तरुणपणी कात्री आणि गोंद घेऊन पाने लावलेली होती. म्हणजे हे शब्द रूपक म्हणून कोणा कवीला सुचलेले नाहीत. ते मेजावरून जसेच्या तसे उचललेले आहेत. आमच्या विद्यार्थिदशेत महाविद्यालयाच्या नियतकालिकाची पाने आम्हीही अशीच लावली आहेत. अक्षरजुळणीच्या दुकानातून आलेल्या कागदावर एक रफार चुकलेला सापडे. मग दुरुस्त ओळीचा नवा तुकडा ब्लेडने कापून, चिमट्याने उचलून, जुन्या ओळीवर बेताने बसवायचा. पंखा बंद ठेवावा लागे. एकदा एक 'णे' उडून चहाच्या कपात पडला होता.

टेस्लरच्या कामातली दुसरी एक गोष्ट मराठीच्या शिक्षकाला चुकणे शक्य नाही. त्याआधीच्या साधनांत पुष्कळदा क्रिया आधी सांगावी लागे: 'पूस', आणि मग काय पुसायचे ते. यंत्र त्या वेळी एका विशिष्ट अवस्थेत जाई, आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचे भान सुटले की अनर्थ होई. त्याच केंद्रात तयार झालेल्या 'ब्राव्हो'विषयी सांगतात, की आज्ञेच्या अवस्थेत असताना कुणी भाबडेपणाने 'एडिट' एवढा शब्द टंकला तर पहिल्या अक्षराने सगळा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने पुसला जाई, तिसऱ्याने नवीन लिहिण्याची तयारी होई आणि उरलेले एक अक्षर तेवढे पडद्यावर उमटे. टेस्लरला या 'अवस्थां'चा इतका तिटकारा, की त्याच्या मोटारीच्या पाटीवरदेखील त्यांच्याविरुद्धची घोषणा होती. त्याने क्रम उलटा केला: आधी वस्तू दाखवा, मग तिचे काय करायचे ते सांगा. आधी कर्म, मग क्रियापद. 'हे काप.' 'ते तिकडे चिकटव.' इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने आपल्या यंत्राला मराठी वाक्यरचना शिकवली, असे आम्ही वर्गात गमतीने सांगतो. गंमत खरी, पण आमच्याकडून घडले ते याच व्याकरणात. कर्म दाखवून झाले होते, क्रियापद राहून गेले.

सरांची चार व्याख्याने छापील कागदावर आली होती. पाचव्याचा बराच भाग झाला होता. मुद्रकाची शाई महाग म्हणून तो शेवटी एकदाच छापायचा होता. मध्येच एका संध्याकाळी सरांनी तीन परिच्छेद सांगितले आणि म्हणाले, "हे कुठं बसवायचं ते मागनं बघू, आत्ता नुसतं लिहून ठेव गं." ते आम्ही 'स्फुट' नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवले. सरांनी पुढे जागा सांगितली: पाचव्याच्या शेवटी. ती सांगितली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात सर गेले.

दिवाळीची सुटी संपल्यावर आम्ही पुस्तक हातावेगळे करायला बसलो. दोन खिडक्या उघडल्या. एकीत 'स्फुट', दुसरीत पाचवे व्याख्यान. एकाने उंदीर धरला होता, दुसरी शेजारी बसून पाहत होती. कोण कोण होते हे महत्त्वाचे नाही, असे आम्ही एकमेकांना सांगितले आहे. तीन परिच्छेद निवडले. निवडले म्हणजे घेतले गेले, ही आमची समजूत पक्की. मग एकच मजकूर दोन ठिकाणी राहू नये म्हणून, पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला शोभेशा काटेकोरपणाने, 'स्फुट'मधून ते पुसले. फाइल जपून ठेवली. वीज जाईल या भीतीने पुन्हा एकदा जपून ठेवली. खिडकी बंद केली. दुसऱ्या खिडकीत जाऊन चाक दाबले.

काही आले नाही.

पुन्हा दाबले. मग सगळी बटने दाबली. मित्राला घरून बोलावून आणले. त्याने विचारले, "पुसल्यावर सेव्ह किती वेळा केलं?" दोनदा, असे सांगताच त्याचा चेहरा उतरला. एकदाच केले असते तर आधीची प्रत राखीव फाइलीत राहिली असती. दुसऱ्या वेळी त्या राखीव प्रतीवरही पुसलेलीच प्रत बसली. सावधगिरीने आमचे जेवढे नुकसान केले तेवढे निष्काळजीपणाने केले नसते.

मग त्याने समजावून सांगितले ते असे. लिनक्सवर तेव्हा खिडक्यांचा कारभार 'एक्स' नावाची व्यवस्था पाहत असे. ती 1984 साली एम.आय.टी.त सुरू झाली. तिच्यात मजकूर निवडला म्हणजे तो उचलून कुठे तरी मध्ये ठेवला जात नाही. ज्या खिडकीत तो आहे ती फक्त एवढेच जाहीर करते, की सध्या निवड माझ्याकडे आहे. दुसऱ्या खिडकीत मधले बटन दाबले की ती दुसरी खिडकी पहिलीला विचारते, 'तुझ्याकडे काय आहे ते दे.' पहिली त्या वेळी देते. तोपर्यंत देवाणही नाही, घेवाणही नाही. पहिलीतला मजकूर पुसला गेला किंवा ती बंदच झाली तर विचारायचे कुणाला? सरळ 'कॉपी'ची आज्ञा द्यायची सोयही त्यात होती, ती वेगळी. पण आम्ही गमतीच्या मागे लागलो.

"मग मधल्या वेळात तो मजकूर असतो तरी कुठे?" आमच्यापैकी एकाने विचारले.

"मध्ये नसतोच," तो म्हणाला. "जिथं होता तिथंच असतो."

त्या रात्री आम्ही विभागातच बसलो. आधी दोघांनी मिळून आठवण्याचा प्रयत्न केला; पण एकाने वाक्य उच्चारले की दुसरीच्या डोक्यातले पुसले जाई. मग दोघे खोलीच्या दोन टोकांना बसलो आणि आपापले स्वतंत्र लिहून काढले, हाताने. पहाटे ताडून पाहिले. पहिला परिच्छेद जवळजवळ जुळला. दुसऱ्यात आशय एक, वाक्ये वेगळी. तिसऱ्याच्या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही अडलो. पोथी उतरवणाऱ्याच्या चुकांविषयी ते होते. एकाच्या कागदावर होते: 'लेखनिक चुकतो तिथेच तो दिसतो.' दुसरीच्या कागदावर: 'लेखनिक चुकतो तिथे तो थकलेला असतो.' वाद झाला नाही, तेवढे बळ नव्हते. पहिले वाक्य अधिक सरांसारखे वाटले म्हणून ते ठेवले. 'सरांसारखे' या शब्दाचा अर्थ तेव्हा आम्ही तपासला नाही.

ज्यांनी मराठीत एम.ए. केले आहे त्यांच्या ध्यानात आले असेल, की आम्ही कशाची नक्कल करीत होतो. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गावोगाव हिंडून, ऐकणाऱ्यांना विचारून जमवल्या. आणि महानुभाव परंपरा सांगते की तो मूळ ग्रंथ खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाला. मग पंथातल्या लोकांनी स्मरणातून तो पुन्हा बांधला. ज्याचे त्याचे स्मरण वेगळे, म्हणून पाठही वेगळे. त्यांतला एक हिराइसेचा, जिच्या धारणाशक्तीची ख्याती होती. आपण आज 'लीळाचरित्र' म्हणून जे शिकवतो ते या स्मरणांचे पीक आहे. हा दाखला आम्ही त्या पहाटे एकमेकांना दिला आणि धीर आला. परंतु सरांच्याच दुसऱ्या व्याख्यानात दुसराही दाखला होता, तो दोघांनाही आठवत असून कुणी उच्चारला नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना बजावले, की यात कुणी आपली ओवी घालू नये. घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे. महानुभावांनी निदान हा पाठ कुणाचा ते सांगितले. आम्ही ते सांगितले नाही. आम्ही नुसती करवंटी ठेवली.

सांगता आले असते. प्रस्तावनेत दोन ओळी पुरल्या असत्या. पण सर नुकतेच गेलेले, काकू मुलीकडे राहायला गेलेल्या, प्रकाशकाची घाई; आणि खरे म्हणजे लाज. पाठचिकित्सेच्या पुस्तकाचा पाठ त्याच्याच संपादकांनी गमावला, हे कोणत्या तोंडाने छापायचे? पुस्तक 2007 साली निघाले. मुद्रकाच्या संगणकावर आमचा युनिकोड मजकूर नुसता चौकोन चौकोन दिसे, म्हणून त्यांनी सगळे पुस्तक आपल्या फाँटात नव्याने टंकले आणि आपल्या अशा वेगळ्या चुका भरल्या. त्या आम्ही मुद्रितशोधनात कसोशीने काढल्या. तीन परिच्छेद तसेच राहिले. परीक्षणांतून तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्याची वाखाणणी झाली.

त्यानंतर आम्ही नक्कल पकडण्याचे काम पुष्कळ केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम काढले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य. त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या आणि प्रत्येकीला वाढती शिक्षा. आम्ही दोघेही त्या कामाच्या समितीवर आलो. टक्केवारी मोजताना आम्ही कठोर आहोत असा लौकिक आहे. तो कुठून आला असावा याचा अंदाज वाचकांना येईल.

2024 साली एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासायला आला. त्यात अवतरणचिन्हे न देता एक परिच्छेद होता आणि तो ओळखायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. तिने पुस्तकाच्या पानाचा मोबाइलने फोटो घेतला होता. मोबाइलने त्यातली अक्षरे ओळखून मजकूर करून दिला. तो तिने चिकटवला. यंत्राने दोन ठिकाणी 'घ'चा 'ध' केला होता आणि एके ठिकाणी 'भ'चा 'म'. पोथ्यांतून नेमक्या याच अक्षरांचे घोटाळे सापडतात, हे त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या व्याख्यानात आहे. तिला बोलावून विचारले तेव्हा ती रडवेली झाली.

"मॅडम, हे सरांचं आहे म्हणून घेतलं. मला असं लिहिता आलं नसतं."

"मग सरांचं नाव का नाही दिलं?"

"नाव राहून गेलं, सर. चुकलं माझं."

तिला नियमाप्रमाणे दुरुस्ती करायला सांगितले: अवतरणचिन्हे दे, खाली सरांचे नाव दे. ती गेली आणि आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. ज्यांचे ते वाक्य आहे की नाही याची खात्री नाही, त्यांचे नाव एका मुलीला शिक्षेच्या धाकाने लिहायला लावले होते. तिची चूक एका तळटीपेने पुसली जाणार होती. आमची तळटीप अठरा वर्षे थकलेली.

दुसऱ्या आवृत्तीची बोलणी त्याच सुमारास सुरू झाली होती. त्या परिच्छेदांना चौकटी कंस घालायचे आणि निवेदनात सगळे लिहायचे असे ठरवले. त्याआधी काकूंना सांगणे भाग होते. काकू आता पुन्हा गावातल्या घरी राहतात. ऐंशी ओलांडली आहे, पण वाती अजून वळतात. आम्ही सांगू लागलो. खिडक्या, निवड, चाक, दोनदा जपून ठेवणे. त्यांनी मधले काही ऐकले असे वाटले नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी सांगितलेलं हरवलं आणि तुम्ही भर घातलीत. एवढंच ना?"

आम्ही हो म्हटले.

"वाचून दाखवा बघू."

वाचले. पहिल्या दोन परिच्छेदांना त्या नुसत्या मान डोलवत होत्या. आम्हांला वाटते, त्यांतले त्यांना काही आठवत नव्हते. तिसऱ्याचे शेवटचे वाक्य आले तशा थांबल्या.

"हे असं नव्हतं."

आम्ही दुसरीच्या कागदावरचे वाक्य सांगितले. तेही नव्हते.

"त्या दिवशी दिवे गेले होते. तुम्ही दोघं त्या ओरडणाऱ्या डब्याशी झोंबत होतात. हे काही तरी म्हणाले, ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. वीज आल्यावर तू विचारलंस, 'सर, शेवटचं वाक्य परत सांगा.' तेव्हा ह्यांनी ते बदलून सांगितलं. मला हसू आलं होतं, म्हणून लक्षात आहे."

"बदलून काय सांगितलं, काकू?"

"ते आता नाही रे सांगता यायचं. तुम्ही लिहिलंयत त्यातलंच काही असेल. पण आधीचं मला ठाऊक आहे."

एकाने खिशातून पेन काढले, दुसरीने पिशवीतून दिवाळी अंकाचे मागचे पान. काकूंनी हातातली वात पुरी केली, तबकात ठेवली आणि सावकाश, सर सांगत तसे शब्दाशब्दावर थांबत सांगितले, "लेखनिक चुकला तिथं... दिवा विझला असेल... असं समजावं." मग विचारले, "झालं लिहून? 'विझला' मधली वेलांटी बघा, ऱ्हस्व आहे."